मोटरसायकलस्वारांना नावे कशी पडतात

मोटरसायकल चालवणाऱ्यांच्या जगात माणसाला बहुधा दोन नावे असतात. एक परवान्यावर छापलेले आणि दुसरे सोबतच्या स्वारांनी, वार्ताहरांनी किंवा चाहत्यांनी ठेवलेले. पुष्कळदा दुसरेच मागे उरते. ही टोपणनावे सहज पडल्यासारखी वाटतात, तरी त्यांच्या पडण्याला काही ठरावीक रीती आहेत. वर्तमानपत्राचा मथळा, शर्यतीचे समालोचन, घरातली लाडाची हाक, क्लबातली थट्टा, रेडिओवरची ओळख आणि अलीकडच्या काळात संगणकाने मागितलेले युजरनेम अशा वेगवेगळ्या वाटांनी ती आली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. नाव कोणीही सुचवो, ते टिकणार की नाही हे हाक मारणारे ठरवतात.

वार्ताहरांनी आणि चाहत्यांनी दिलेली नावे

एर्विन बेकर या अमेरिकन स्वाराने १९१४ साली इंडियन कंपनीच्या मोटरसायकलवरून सान दिएगो ते न्यूयॉर्क हा प्रवास केला. त्या काळी देशाच्या मोठ्या भागात पक्के रस्ते नव्हते. तरीही वाळवंट आणि चिखल तुडवत त्याने अमेरिकेचे एक टोक ते दुसरे टोक हे अंतर साधारण साडेअकरा दिवसांत कापले. न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने त्याची तुलना ‘कॅननबॉल’ या नावाजलेल्या वेगवान आगगाडीशी केली आणि बेकर कायमचा ‘कॅननबॉल बेकर’ झाला. त्यालाही हे नाव आवडले आणि पुढे तो ते स्वतःच वापरू लागला. १९७१ पासून अमेरिकेत देशाच्या आरपार ज्या बेकायदा मोटार शर्यती झाल्या, त्यांनाही त्याचेच नाव दिले गेले.

बातमीदारांना आणि समालोचकांना लहान, ठसठशीत, कानाला गोड लागणारे नाव हवे असते. त्यामुळे यमक आणि अनुप्रास यांचा या नावांत मोठा वाटा आहे. इंग्लंडचा माइक हेलवुड ‘माइक द बाइक’ झाला. त्याने नऊ जागतिक अजिंक्यपदे मिळवली आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर १९७८ साली ‘आइल ऑफ मॅन’ बेटावरच्या खडतर टीटी शर्यतींत परत येऊन विजय मिळवला. ५०० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद जिंकणारा पहिला अमेरिकन केनी रॉबर्ट्स हा ‘किंग केनी’, तर १९८५ साली २५० आणि ५०० सीसी अशा दोन्ही गटांत अजिंक्य ठरलेला फ्रेडी स्पेन्सर हा ‘फास्ट फ्रेडी’. त्याच काळातला चार वेळचा विजेता एडी लॉसन क्वचितच पडायचा आणि मोसमभर शांतपणे गुण गोळा करायचा, म्हणून तो ‘स्टेडी एडी’. ही नावे नुसती जुळवाजुळव नव्हती. ‘फास्ट’ आणि ‘स्टेडी’ या दोन विशेषणांत दोन स्वारांच्या शैलींतला फरक नेमका पकडला गेला होता, आणि म्हणूनच ती खरी वाटली.

गाव आणि प्रदेश हा नावांचा आणखी एक मोठा स्रोत. २००६ चा जागतिक विजेता निकी हेडन केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावचा, म्हणून तो ‘केंटकी किड’ झाला. कॉलिन एडवर्ड्स टेक्सासचा, म्हणून ‘टेक्सास टोर्नेडो’. उत्तर आयर्लंडच्या बॅलीमनी गावचा जोई डनलॉप याने १९७७ ते २००० या काळात टीटीच्या २६ शर्यती जिंकल्या. जग त्याला रस्त्यांचा राजा म्हणत असे. त्याच्या मुलखातले लोक मात्र ‘यर मॉन’ म्हणत, म्हणजे ‘तो आपला माणूस’. नाव न घेताही कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे सगळ्यांना कळत होते. टोपणनावाने मिळणारा मान यापुढे फारसा जाऊ शकत नाही.

बेसी स्ट्रिंगफील्ड हिचे नाव या यादीत वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. ही कृष्णवर्णीय स्त्री १९३० च्या दशकापासून एकटी मोटरसायकलवर अमेरिकाभर हिंडली. वर्णभेद उघड पाळला जात होता, अनेक ठिकाणी तिला मुक्कामाला खोलीही मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धात तिने सैन्यासाठी मोटरसायकलवरून निरोप आणि कागदपत्रे पोहोचवण्याचे काम केले. पुढे ती मायामीत राहिली आणि तिथल्या पत्रकारांनी तिला ‘मायामीची मोटरसायकल राणी’ म्हटले. जिला रस्त्यावर येण्यापासूनच अडवले जात होते, तिला याच शहराने राणी म्हणावे, हे तिने आपल्या कौशल्याने मिळवलेले होते. २००२ साली अमेरिकन मोटरसायकल संघटनेने तिला आपल्या मानाच्या यादीत स्थान दिले. तोपर्यंत तिच्या मृत्यूला नऊ वर्षे झाली होती.

घरातून आलेली आणि स्वतः घडवलेली नावे

युरोपातल्या आजच्या शर्यतींत घरगुती नावेही जगभर पोहोचली आहेत. मोटोजीपी या सर्वोच्च गटाचा २०२२ आणि २०२३ चा विजेता फ्रान्चेस्को बन्याया सगळीकडे ‘पेक्को’ म्हणून ओळखला जातो. लहानपणी बहिणीला ‘फ्रान्चेस्को’ म्हणता येत नसे, तिच्या तोंडून जे निघाले ते नाव झाले. मार्क मार्केस अंगकाठीने लहान, पण गाडीवर चिवट. त्याने मुंगी हेच आपले चिन्ह केले. फ्रान्सच्या फाबियो क्वार्तारारो याला ‘एल दियाब्लो’, म्हणजे सैतान, हे नाव पडले ते त्याच्या हेल्मेटवरच्या सैतानाच्या चित्रामुळे.

स्वतःची नावे सर्वांत हौसेने घडवली ती इटलीच्या व्हॅलेंतिनो रॉसी याने. १९९४ साली जपानच्या सुझुका शर्यतीत अठरा वर्षांचा नोरिफुमी आबे जगज्जेत्यांशी बेधडक झुंजला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पडला. ती झुंज पाहून भारावलेल्या किशोरवयीन रॉसीने आपले नाव ‘रॉसीफुमी’ केले. पुढे २५० सीसी गटात तो ‘व्हॅलेंतिनिक’ झाला. डोनाल्ड डकचा ‘पापेरिनिक’ नावाचा महावीर अवतार इटलीत फार लोकप्रिय आहे, त्यावरून हे नाव आले. सर्वोच्च गटात आल्यावर तो ‘द डॉक्टर’ झाला. इटलीत रॉसी आडनावाचे डॉक्टर पुष्कळ असतात, असा एक खुलासा दिला जातो. २००५ साली उर्बिनो विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी दिली आणि थट्टेने घेतलेल्या नावाला विद्यापीठाचा शिक्का मिळाला. रॉसीची पहिली दोन नावे त्या त्या काळापुरती राहिली, तिसरे मात्र प्रेक्षकांनी उचलले. नाव घडवणारा एकच होता, पण निवड लोकांनी केली.

शर्यतीत आकडाही नाव होऊ शकतो. अजिंक्य स्वाराने पुढच्या मोसमात गाडीवर १ हा आकडा लावायचा अशी जुनी प्रथा होती. १९७६ आणि १९७७ चा विजेता बॅरी शीन याने मात्र आपला ७ हा आकडाच ठेवला. रॉसीनेही ४६ सोडला नाही. १९७९ साली, म्हणजे त्याच्या जन्माच्या वर्षी, त्याचे वडील ग्रात्सियानो रॉसी यांनी ग्राँ प्री जिंकली तेव्हा त्यांच्या गाडीवर हाच आकडा होता. २०२२ साली मुजेल्लो येथे मोटोजीपीने ४६ हा आकडा कायमचा निवृत्त केला.

नावाची सर्वांत प्रसिद्ध कहाणी आहे ती मोटरसायकलवरून जीवघेण्या उड्या मारणाऱ्या रॉबर्ट क्रेग कनीव्हल याची. तो मोंटाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावचा. १९५६ साली बेदरकारपणे मोटरसायकल चालवल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकले गेले. तिथे कनॉफल आडनावाचा आणखी एक कैदी होता, त्याला सगळे ‘ऑफल कनॉफल’ म्हणत. मग यमक जुळवून पहारेकऱ्याने याला ‘ईव्हल कनीव्हल’ केले, असे तो सांगत असे. नाव त्याने ठेवले, पण आपण दुष्ट ठरू नये म्हणून इंग्रजी लिहिताना त्यातले एक अक्षर बदलून घेतले. १९६७ च्या अखेरच्या दिवशी लास व्हेगासच्या कारंज्यांवरून त्याने मारलेली उडी फसली, तो गंभीर जखमी झाला, आणि तुरुंगात मिळालेले ते नाव देशभर झाले.

क्लबातले बारसे

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मोटरसायकल क्लबांना बहर आला. सैन्यातून परतलेले अनेक तरुण त्यांत होते. सैन्यात एकमेकांना टोपणनावाने हाक मारण्याची सवय त्यांना लागलेली होती, ती क्लबांतही चालू राहिली. १९४६ साली सुरू झालेल्या ‘बूझफायटर्स’ क्लबचा एक संस्थापक विली फोर्कनर दारूच्या आवडीवरून ‘वायनो विली’ म्हणून ओळखला जाई. १९४७ च्या जुलैमध्ये हॉलिस्टर गावी मोटरसायकलस्वारांनी घातलेल्या गोंधळाच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यात हा क्लबही होता. त्या घटनेवरूनच १९५३ चा मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट निघाला.

क्लबातल्या नावाला अमेरिकेत ‘रोड नेम’ म्हणतात. त्याचा पहिला नियम असा की ते स्वतः निवडायचे नसते. नवा सदस्य काही दिवस सोबत गाडी चालवतो, त्याच्या हातून काहीतरी घडते आणि त्यावरून नाव पडते. कोणाचे पेट्रोल आडरानात संपते, कोणी चुकीच्या फाट्यावरून सगळ्या तांड्याला भलतीकडे नेतो, कोणी सिग्नलला उभ्या गाडीसकट आडवा होतो. धिप्पाड माणसाला ‘टायनी’, म्हणजे चिमुकला, म्हणण्यासारखी उलटी नावेही पुष्कळ असतात. नावाला विरोध केला तर ते अधिकच घट्ट चिकटते. एकदा ते जाकिटावरच्या पट्टीवर शिवले की सहसा बदलत नाही.

यात थट्टा असली तरी उपयोगही आहे. एका गटात एकाच नावाचे तीन-चार जण असतात. इंजिनांचा आवाज आणि डोक्यावरचे हेल्मेट यांतून ऐकू जाईल असे लहान, वेगळे नाव तिथे कामाचे ठरते. शिवाय मिळालेले नाव म्हणजे गटात सामावून घेतल्याची खूण असते. चूक सगळ्यांनी पाहिली, हसण्यावारी नेली आणि तरीही माणसाला आपले मानले, हे त्या नावात नोंदलेले असते. गुन्हेगारीकडे वळलेल्या क्लबांत मात्र याच प्रथेचा उपयोग खरी ओळख लपवण्यासाठीही झाला.

रेडिओपासून युजरनेमपर्यंत

क्लबातले नाव आणि आजचे युजरनेम यांच्यामध्ये एक दुवा आहे, तो म्हणजे गाडीत बसवून एकमेकांशी बोलायचा सीबी रेडिओ. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पेट्रोल कुठे मिळते आणि पोलीस कुठे उभे आहेत हे ट्रकचालक एकमेकांना या रेडिओवर कळवू लागले. नियमाप्रमाणे सरकारने दिलेले संकेतनाव सांगायचे असे, पण बहुतेक जण मनाने ठेवलेले नाव वापरत. त्याला ‘हँडल’ म्हणत. लांब पल्ल्याच्या मोठ्या मोटरसायकलींवरही हे रेडिओ बसू लागले. पुढे संगणकांचे जाळे आले तेव्हा हँडल हा शब्द आणि त्यामागची प्रथा दोन्ही तिथे पोहोचली.

युजरनेमने एक मूलभूत बदल केला. येथे नाव आधी घ्यावे लागते, ओळख नंतर होते. शिवाय एका ठिकाणी एक नाव एकालाच मिळते, त्यात जागा सोडता येत नाही आणि ते बहुधा रोमन लिपीतच लिहावे लागते. त्यामुळे ही नावे तुकडे जोडून तयार होतात. पहिला तुकडा गाडीचा, दुसरा गावाचा किंवा वाहननोंदणीच्या क्रमांकाचा, तिसरा वेग, वादळ, लांडगा किंवा भूत अशा एखाद्या कल्पनेचा. हवे ते नाव आधीच गेले असेल तर शेवटी जन्मसाल किंवा आकडा येतो. गाडीवरून घेतलेल्या नावाला एक अडचण असते. गाडी विकली जाते, नाव मात्र उरते. यामाहा आरएक्स १०० वरून नाव घेतलेला माणूस वीस वर्षांनी वेगळ्याच गाडीवर दिसतो, पण जुने सोबती त्याला त्याच नावाने ओळखतात.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. गावात बुलेट असलेला माणूस ‘बुलेटवाले’ म्हणून ओळखला जाणे ही जुनी गोष्ट आहे. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट बनू लागली, आणि तिच्या आवाजावरूनच कोण आले ते कळत असे. त्यानंतर येझदी, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० आणि २००१ साली पुण्याच्या बजाज ऑटोने आणलेली पल्सर या गाड्यांनी प्रत्येक पिढीला आपापली नावे पुरवली. आज मराठी स्वारांच्या युजरनेममध्ये एमएच १२ म्हणजे पुणे आणि एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर हे क्रमांक अभिमानाने मिरवतात. वयाने मोठा असलेल्याच्या नावापुढे दादा, काका किंवा अण्णा लागतेच, मग मूळ नाव कितीही परदेशी असो. पुण्यात २०११ साली स्त्रियांचा मोटरसायकल गट सुरू झाला, त्याने ‘बायकरनी’ हे नाव घेतले, आणि पुढे देशभरातल्या स्त्रियांनी ते आपले मानले.

युजरनेम स्वतः घेतलेले असले तरी त्याचीही परीक्षा रस्त्यावरच होते. ऑनलाइन ओळख झालेले लोक पहिल्यांदा एकत्र राइडला जातात तेव्हा ‘वादळ’ नावाचा स्वार घाटात सगळ्यांत मागे असतो, आणि मग त्याला नवे नाव पडते. मात्र त्याला एक मर्यादा हवी. जात, व्यंग, रंग किंवा बाईपण यांवरून पडलेल्या नावात आपलेपणा नसतो. ते ज्याला पडले त्याला चालत नसेल तर गटाने ते सोडून द्यावे.

एक काळजी प्रत्येक गटाने आवर्जून घ्यावी. अनेक जण महिनोन् महिने एकत्र गाडी चालवतात आणि एकमेकांची खरी नावे त्यांना ठाऊक नसतात. अपघात झाला तर रुग्णालयात टोपणनाव उपयोगी पडत नाही. तिथे खरे नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लागतो. राइडला निघण्यापूर्वी प्रत्येकाची ही माहिती गटप्रमुखाजवळ असावी आणि प्रत्येक स्वाराच्या खिशातही तिची चिठ्ठी असावी.