छत्तीस मण्यांची माळ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी पुतणीचा दिवाळसण झाला. लग्नाआधी ही मुलगी दुपारी एकदा आडवी झाली, की चहाचे आधण पडेपर्यंत उठायची नाही. या खेपेस मात्र जेवणे आटोपली न आटोपली तोच ती ओटा पुसायला उभी! माझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "लग्न झालं, की पोरगी बदलते हो!" मी हसले, पण मनात आले, पोरगी बदलते, की तिला बदलवतात?

सुटी संपल्यावर हा प्रश्न मी कॉलेजात चहा घेताना सहज बोलून दाखवला. आमचे प्राणिशास्त्राचे सहकारी कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, माणसांचं मला विचारू नका. मला संध्याकाळी घरी जायचं असतं! पण चिलटांचं विचाराल, तर उत्तर तयार आहे."

तास संपल्यावर ते मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. मी मराठी शिकवणारी. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतल्या बेडकापाशी संपलेला. टेबलावर कापसाची बुचे लावलेल्या काचेच्या नळ्या होत्या आणि त्यांत चिलटे. आपण केळ्यांचा घड आणतो, दोन दिवसांनी केळी जास्त पिकली की त्यावर घोंगावतात ना, तीच ही तांबड्या डोळ्यांची चिलटे. शास्त्रात त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात, आणि शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा संसार भिंगाखाली धरला आहे.

एका नळीत नर मादीच्या मागे मागे फिरत होता. एक पंख आडवा पसरून तो थरथरवी. हे त्याचे गाणे. मादी क्षणभर थांबली आणि जमले! दुसऱ्या नळीतही नराचे गाणे तेच, आर्जव तेच. पण मादीने त्याला चक्क लाथ मारली आणि ती पुढे निघून गेली. "हिला काय झालं?" मी विचारले. "हिचं काल लग्न झालंय," सहकारी म्हणाले.

एका मीलनानंतर चिलटाच्या मादीत जे पालट होतात, त्यांची यादी ऐकून मी थक्क झाले. कुमारी असताना ती अंडी घालते ती अगदी थोडी. आता रोज डझनांनी घालू लागते. नर जवळ आला, की त्याला झिडकारते. तिची भूक वाढते, आणि ती नुसत्या गोडावर भागत नाही. अंड्यांसाठी प्रथिने हवीत, म्हणून ती किण्वाकडे धाव घेते. खारटाचीही ओढ लागते. (आपल्याकडे याला डोहाळे म्हणतात!) जास्तीचे अन्न पचावे म्हणून तिचे आतडेसुद्धा वाढते. आणि माझे कान टवकारले ते पुढच्या वाक्याला: तिची दुपारची झोप उडते.

हे सारे घडवतो कोण? झुरिक येथील शास्त्रज्ञांनी १९८८ साली याचा उलगडा केला. मीलनात नराकडून मादीला केवळ शुक्रपेशी मिळत नाहीत. त्यांच्याबरोबर एक द्रव येतो, आणि त्या द्रवात अनेक प्रथिने असतात. त्यांतले एक अगदी चिमुकले, ३६ अमिनो आम्लांची जणू माळच. तेवढेच वेगळे काढून कुमारी मादीला टोचले, तर नराची गाठ न पडताही ती विवाहितेसारखी वागू लागते! अंडी वाढतात आणि नराला नकार मिळतो. मात्र टोचलेल्याचा अंमल एकदोन दिवसांत ओसरतो. प्रत्यक्ष मीलनानंतर तो आठवडाभर टिकतो, कारण ही माळ शुक्रपेशींच्या शेपटांना चिकटून राहते आणि तिथून हळूहळू सुटत असते. हे २००५ साली कळले. पुढे २००८ साली व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी मादीच्या शरीरातले कुलूपही शोधून काढले, ज्यात ही किल्ली बसते. ज्या माद्यांत ते कुलूप नसते, त्या मीलनानंतरही कुमारीसारख्याच वागतात.

"म्हणजे मंगळसूत्रच की हो हे!" मी म्हणाले.

"मंगळसूत्र म्हणा," सहकारी म्हणाले, "पण मणी किती ते विसरू नका. छत्तीस! मराठीत छत्तीसचा आकडा कशाला म्हणतात?"

तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. हे त्यांनी नुसते शब्दावर कोटी करायची म्हणून म्हटले नव्हते. विचार करून पाहा. नराचे हित कशात? मादीने आत्ताच्या आत्ता भरपूर अंडी घालावीत आणि ती सगळी आपलीच असावीत. ती पुढच्या महिन्यात जगेल की नाही, याची त्याला चिंता नाही. त्याची तिची पुन्हा गाठ पडण्याचा संभव थोडाच. मादीचे हित मात्र सगळ्या आयुष्याचा हिशेब जमण्यात. अंडी तिलाही हवीतच. पण आपल्या वेळेला आणि आपल्याला झेपतील तेवढी. १९९५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की नराच्या ग्रंथीतला हा द्रव जास्त मिळाला, तर माद्या लवकर मरतात. ज्याने कूस भरते, त्यानेच आयुष्य सरते!

पण खरी गंमत पुढेच आहे. कॅलिफोर्नियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी चिलटांवर सक्तीने एकपत्नीव्रत लादले. एक नर, एक मादी. दुसऱ्या कुणाची सावलीही नाही. असे ४७ पिढ्या चालवले आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. या व्यवस्थेत मादी दगावली, तर नराचाही वंश बुडतो; म्हणजे तिचे आयुष्य हेच त्याचे भांडवल. परिणाम असा झाला, की ४७ पिढ्यांनंतरचे नर माद्यांना पूर्वीइतके अपायकारक उरले नाहीत, आणि माद्यांनीही आपला प्रतिकार सैल केला. दोघांचे हित एक झाले, तेव्हा छत्तीसचे आकडे त्रेसष्टाकडे वळू लागले.

चिलटांच्या संसाराशी आपल्याला काय करायचे, असे कुणी म्हणेल. पण हाच खेळ डासांतही चालतो, आणि तिथे आपल्या घरातली माणसे अंथरुणाला खिळतात. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी साधारणपणे जन्मात एकदाच मीलन करते. तेवढ्या शुक्रपेशी ती शरीरात साठवते आणि पुढच्या साऱ्या अंड्यांना पुरवते. अमेरिकेतले जॉर्ज क्रेग यांनी १९६७ साली दाखवले, की या नकाराचेही मूळ नराच्या ग्रंथीतच आहे. ती ग्रंथी त्यांनी कुमारी मादीच्या अंगात बसवली. झाले! नराचे तोंडही न पाहिलेली ती मादी पुढे नरांना झिडकारतच राहिली.

आता शत्रूचे हे मर्म हाती लागल्यावर माणूस गप्प कसा बसेल? अमेरिका खंडात एक माशी आहे. ती गुरांच्या जखमांत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. तिचीही मादी बहुधा एकदाच मीलन करते. एडवर्ड निप्लिंग या शास्त्रज्ञाने म्हटले, नर हजारोंनी वाढवा, किरणांनी त्यांना वांझ करा आणि सोडून द्या. मादी अशा नराशी जमली, की तिची अंडी फुकट. आणि दुसऱ्याला ती होकार देणार नाही! १९५४ साली कुरासाव बेटावर हा प्रयोग झाला आणि बेट माशीमुक्त झाले. पुढे सारी अमेरिका आणि मेक्सिकोही मोकळी झाली. अर्थात पहारा ढिला पडून चालत नाही. २०२४ साली ती माशी मेक्सिकोत पुन्हा आली. डासांसाठी सिंगापुरात २०१६ पासून असाच उपाय चालू आहे. तिथे किरणांऐवजी एका जिवाणूचे साहाय्य घेतात: त्या जिवाणूचे नर सोडतात, आणि त्यांच्यापासून गावच्या मादीची अंडी उबत नाहीत. नर डास चावत नाहीत, म्हणून लोकांना धास्ती नाही. आपण तूर्त कुंडीखालच्या ताटल्या आठवड्याला कोरड्या कराव्यात, हे बरे!

निघताना मी सहकाऱ्यांना विचारले, "मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय? मादी बदलते, की तिला बदलवतात?"

"दोन्ही," ते म्हणाले. "किल्ली त्याची, कुलूप तिचं. पण हे नळीतच ठेवा. घरी नेऊ नका."

मी ते घरी नेले नाही. मात्र दिवाळसणाची एक गोष्ट सांगायची राहिली. पाडव्याच्या दुपारी पुतणी हळूच माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, "काकू, तासभर इथं झोपू का? तिकडे दुपारी आडवं झालेलं कुणाला आवडत नाही."

माणसाच्या मुलीला कुणी छत्तीस मण्यांची माळ टोचत नाही. तिची झोप उडते ती घरातल्या माणसांच्या नजरेने. आणि नजर काही रक्तात भिनलेली नसते, ती वळवता येते. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि बाहेर येऊन ओटा स्वतः पुसला. चहाचे आधण त्या दिवशी जरा उशिराच ठेवले.