फटफटीवरचा तापमापक कुठे बांधाल?



गेल्या पौषात निफाड तालुक्यात एका द्राक्षबागाईतदाराकडे मुक्कामी होतो. पहाटे गडी फटफटीवरून बागेला फेरी मारून आला आणि म्हणाला, “साहेब, 12 अंश आहे. आज शेकोट्या नकोत.” फटफटीला त्याने नवा तापमापक बसवला होता. मी बागेत टांगलेला तापमापक पाहिला, तर तो 5 दाखवीत होता! लगेच शेकोट्या पेटल्या, विहिरीचे कोमट पाणी बागेला सोडले.

चूक यंत्राची नव्हती, जागेची होती. तारेच्या टोकाचा सेन्सर इंजिनाशेजारी बांधलेला. त्याच्याभोवती इंजिनाची ऊब, मग तो इंजिनाचीच बातमी देणार!

तेव्हा सेन्सर इंजिन, सायलेन्सर आणि पुढचा दिवा यांपासून दूर बांधा. आरशाच्या दांडीखालची जागा बरी. तिथे समोरची मोकळी हवा लागते. त्यावर पांढरी टोपी करून ऊन अडवा, पण वारा अडवू नका. चाकाने उडालेले पाणी त्यावर येता कामा नये. ओला सेन्सर वाळताना थंड होतो आणि आकडा खोटा उतरतो. गाडी चालू असतानाच आकडा पाहा. उभ्या गाडीवर इंजिनाची धग वर चढते. धावत्या गाडीवर अंगाला वारा बोचतो, पण कोरड्या सेन्सरचा आकडा त्याने उतरत नाही.

यंत्र खरे की खोटे, हे घरीच तपासा. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून ढवळा, त्यात सेन्सरचे टोक बुडवा. थोड्या वेळाने आकडा 0 च्या आसपास यायला हवा.

एवढे करूनही रस्ता म्हणजे बाग नव्हे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते. म्हणून बागेच्या सर्वांत सखल जागी एक तापमापक वेगळा टांगा. हवामान खाते तो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर ठेवते, पेटीचे दार उत्तरेकडे. तुम्हीही तसेच करा.

फटफटीचा आकडा इशारा समजा, शेकोटीचा निर्णय बागेतल्या आकड्यावर घ्या. घरातल्या शाळकरी मुलाला रोज पहाटे तो वहीत टिपायला सांगा. दोन हिवाळ्यांत ती वही तुमच्या बागेची थंडी तुम्हाला सांगू लागेल.