शंभरी ओलांडणारा बफेलो

गेल्या आठवड्यात आपण मिसिसिपीतला पॅडलफिश पाहिला. त्याच पाण्यात राहणारा बिगमाउथ बफेलो हा मासा दिसायला अगदी साधा. बोजड अंग, राखाडी-तपकिरी मोठे खवले, वजन क्वचित तीस किलोच्या वर. कटला ओळखणाऱ्याला त्याच्यात लांबचा नातेवाईक दिसेल, आणि ते खरंही आहे, कारण दोघांचा गण एकच. त्याच्या सकर कुळातल्या बहुतेक माशांचं तोंड खाली वळलेलं असतं, तळाचा गाळ चोखण्यासाठी. याचं मात्र थेट पुढे उघडतं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तो कल्ल्यांमधल्या बारीक दातेरी चाळणीने गाळून खातो. त्यामुळे गळाला तो सहसा लागत नाही. आपल्या तळ्यांत कटला-रोहूसोबत सोडला जाणारा सिल्व्हर कार्प अमेरिकेत उपरा. १९७०च्या दशकात तो तिथे आणला गेला आणि निसटून नद्यांत शिरला. त्याचं खाणंही हेच, आणि तो आल्यावर इलिनॉय नदीतला बफेलो अंगाने रोडावला.

पण या माशाची खरी गोष्ट त्याच्या वयाची आहे. तो फार तर सव्वीस वर्षं जगतो, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. माशाच्या कानात चुनखडीचे इवलेसे खडे असतात. झाडाच्या खोडात चढावं तसं त्यांवर वर्षाला एक वलय चढतं. संशोधक अलेक लॅकमन आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटातल्या बफेलोंच्या या खड्यांचे पातळ काप काढून वलयं मोजली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला सर्वांत वयस्क मासा होता ११२ वर्षांचा! मोजणी बरोबर आहे हे पडताळायला अणुचाचण्या कामी आल्या. १९५०-६०च्या दशकांतल्या स्फोटांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढवला. त्याची खूण खड्यांतही उमटली, आणि वलयांवरून काढलेलं वय तिच्याशी जुळलं.

याहून थक्क करणारं पुढेच आहे. २०२१च्या अभ्यासात दोन वर्षांपासून नव्व्याण्णव वर्षांपर्यंतचे मासे तपासले, तर म्हाताऱ्यांमध्ये झिजेची लक्षणं सापडली नाहीत. जीवाणूंशी लढण्याची ताकद उलट वयाबरोबर वाढलेली होती.

इतकं आयुष्य कशासाठी? वसंतात पूर आला की हे मासे उथळ पाण्यात येतात. एका मादीभोवती अनेक नर जमतात, पाण्याचा नुसता खळखळाट होतो, आणि लाखो अंडी बुडालेल्या गवताला चिकटतात. पुढे आईबाप त्यांच्याकडे पाहत नाहीत. बहुतेक वर्षी पिल्लं टिकतच नाहीत. एखाद्या वर्षी पाणी, ऊब, खाणं सगळं जुळून येतं आणि एक पिढी उभी राहते. त्या वर्षाची वाट पाहता यावी म्हणूनच हा दीर्घायू, असं मला वाटतं. मिनेसोटातल्या राइस लेकमध्ये ही वाट फारच लांबली आहे. तिथल्या माशांपैकी जवळपास सगळे पन्नाशीपुढचे आहेत. ते दरवर्षी अंडी घालतात, पिल्लंही दिसतात, पण १९५७नंतर नव्या पिढीने तिथे मूळ धरलेलं नाही.

आणि याच माशाला अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या ‘रफ फिश’ म्हणजे टाकाऊ मासा मानलं गेलं. रात्री बोटीवर प्रखर दिवे लावून बाणाने त्याची शिकार होते. गळाला लागलेला मासा परत सोडता येतो, बाण लागलेला नाही. मारलेले मासे पुष्कळदा खाल्लेही जात नाहीत. सव्वीस वर्षांच्या हिशेबाने हे खपून गेलं. ऐंशी वर्षांची मादी मेली तर तिची जागा भरायला कोण आहे? हे वाचताना मला संताप येतो.

ॲरिझोनातल्या अपाचे लेकवर मात्र काही गळवाले हे मासे पकडतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. बफेलोच्या अंगावर वयानुसार काळे-नारिंगी ठिपके उमटतात, आणि ते इतके वेगवेगळे असतात की पूर्वी सोडलेला मासा पुन्हा ओळखता येतो. १९१८ साली ॲरिझोनात आणून सोडलेल्या माशांपैकी काही आजही त्या तलावात जिवंत असावेत, असं २०२३च्या अभ्यासातून पुढे आलं. त्या अभ्यासाला मासे आणि माहिती पुरवली ती याच गळवाल्यांनी.

पुढच्या आठवड्यात : ॲलिगेटर गार.