अहवालातील दुर्लक्षित ओळ

वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची दृष्टी प्रथम साखर व कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवर जाते. सोनोग्राफीच्या कागदावरील ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ ही ओळ मात्र ‘आजकाल हे सर्वांनाच असते’ असे म्हणून बाजूला सारली जाते. वस्तुतः फॅटी लिव्हरच्या रुग्णांतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण यकृताचा विकार नसून हृदयविकार हे आहे.

आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचतात. मद्याला कधीही न शिवलेल्यांच्या यकृतातही ती साठतात. असे यकृत रक्तात अधिक ट्रायग्लिसराइड सोडते, इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि दाहकारक द्रव्येही निर्माण करू लागते. या सौम्य परंतु अखंड दाहाने रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर दुखावते व तेथे मेदाचे थर बसू लागतात. शिवाय ज्यांच्या यकृतात चरबी, त्यांच्या हृदयाभोवतीही ती बहुधा अधिक आढळते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणी याच चरबीतून जातात आणि मध्ये कोणताही पडदा नसतो. शेजाऱ्याचा दाह रोहिणीपर्यंत पोहोचण्यास मग वेळ तो कितीसा?

‘मी तर सडपातळ’ असे समाधान मानणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेले छायाचित्र अवश्य पाहावे. त्यात ते स्वतः व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला हा भेद कळत नाही. म्हणून कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

भारत सरकारने २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला, ही समाधानाची बाब होय.

ठेवी वाढवा, असे आपली बँक नेहमीच सांगते. ही एक ठेव मात्र मोडलेलीच बरी. वजन अधिक असल्यास ते ५ टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास यकृताचा दाहही ओसरू शकतो. साखरयुक्त पेये वर्ज्य करावीत, रोज भरभर चालावे. एसजीपीटी सामान्य आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चरबी असूनही ते सामान्य असू शकते. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृत कितपत कठीण झाले असावे याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. पुढील भेटीत हा हिशेब त्यांच्याकडून आवर्जून मागावा आणि त्याच वेळी रक्तदाबही तपासून घ्यावा.