सुट्या भागांची याद

तयार संगणक विकत घेणारा मनुष्य एक वस्तू घेतो. सुटे भाग आणून घरी संगणक जोडू पाहणारा मात्र सात-आठ वस्तूंबरोबर त्यांचे परस्परसंबंधही पदरात घेत असतो, आणि या संबंधांचा भाव कोणत्याही दरपत्रकात छापलेला नसतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या, सरकारी दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेल्या परंतु बाजारात अद्यापि लॅमिंग्टन रोड म्हणूनच नांदणाऱ्या रस्त्यावर मी आपली याद घेऊन गेलो, तेव्हा काउंटरमागील तरुणाने ती हाती घेण्यापूर्वीच विचारले, “काका, मशीनवर काम काय करणार?”

प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा वाटला, तरी सगळ्या निवडीचा पाया तोच होता. जुने दस्तऐवज आणि छायाचित्रे स्कॅन करून नीट लावावीत व मराठी मजकूर टंकावा, एवढेच माझे प्रयोजन असल्याने, अंदाजपत्रकात एरवी सर्वांत जड ठरणारी ग्राफिक कार्डाची बाब एका वाक्यात निकालात निघाली. मात्र तिच्या जागी, ग्राफिक्स अंगभूत असलेलाच प्रोसेसर हवा, ही अट उत्पन्न झाली. रायझन ५६००जी या सहा कोअरच्या प्रोसेसरात ती सोय आहे, ५६००एक्समध्ये नाही. इंटेलकडे ज्याच्या नावाअखेर ‘एफ’ येतो त्यातही नाही. शेवटचे अक्षर वाचायचे राहिले, तर बाकी सर्व भाग उत्तम असूनही पडद्यावर काही उमटणार नाही.

प्रोसेसर मुक्रर झाला की घेणाऱ्याचे स्वातंत्र्य झपाट्याने आकुंचित होऊ लागते. ५६००जीला एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड हवा, आणि एएम४ म्हटले की रॅम डीडीआर४ची. २०२२ साली आलेल्या एएम५ला डीडीआर५च लागते. तरुणाने दोन्ही जातींच्या पट्ट्या एकीवर एक धरून दाखवल्या: लांबी तीच, सोनेरी संपर्कबिंदू दोहोंत २८८च, फक्त खालच्या कडेची खाच किंचित बाजूला सरकलेली, त्या अल्पशा अंतरामुळे एक पट्टी दुसरीच्या जागी बसूच शकत नाही. इतका उघड पहारा सर्वत्र नसतो. बी४५० चिपसेटच्या जुन्या बोर्डावर २०२१ सालचा हा प्रोसेसर बिनबोभाट बसतो, परंतु बोर्डातील बायोस त्याच्या आधीचा असेल, तर नियुक्तीचा हुकूम कचेरीत पोहोचण्यापूर्वीच खुर्चीवर येऊन बसलेल्या कारकुनासारखी त्याची अवस्था होते. बायोस अद्ययावत होईपर्यंत यंत्र सुरू होत नाही. म्हणून खोक्यावर रायझन ५००० मालिकेस हा बोर्ड सज्ज असल्याचे स्टिकर आहे की नाही, याची रुजवात घेऊनच मी तो पत्करला. रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. कारण अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसून ते रॅममधूनच आपला वाटा घेते, आणि दोन पट्ट्यांमुळे ये-जा करण्यास मार्गही दोन मिळतात.

सर्वांत अधिक वेळ गेला तो ज्याचे कौतुक कोणीच करीत नाही त्या एसएमपीएसवर, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज यंत्राला पचेल अशी करून देणाऱ्या डब्यावर. प्रथम समोर आला तो स्वस्त, लोकल म्हणतात तसला. त्याच्यावर ठळक अक्षरांत ५०० वॅट छापलेले होते. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर एवढीच नोंद होती, आणि बाराने अठरास गुणिले असता येतात २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपली मुख्य गरज याच रकान्यातून भागवीत असल्यामुळे त्या ठळक आकड्याला फारसा अर्थ उरत नव्हता. दुसऱ्या, किमतीने बऱ्याच चढ्या असलेल्या ५५० वॅटच्या डब्यावर त्याच रकान्यात ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॅट. हातात घेताच वजनातील तफावतही जाणवली. माझ्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला २१६सुद्धा पुष्कळ झाले असते, हे मला कळत होते. परंतु प्रश्न पुरवठ्याच्या परिमाणाचा नव्हता, विश्वासाचा होता. कारण बाकीचा कोणताही भाग बिघडला तर बहुधा तो एकटा जातो, एसएमपीएस बिघडला तर तो सोबत्यांनाही घेऊन जाऊ शकतो. तरुण म्हणाला, “कार्ड उद्या टाकता येईल, काका, यात हात आखडू नका.” कॅबिनेटच्या काचेसाठी योजिलेली रक्कम मी येथे वळती केली आणि जाळीच्या दर्शनी भागाचे साधे, पण वारा खेळू देणारे कॅबिनेट घेतले.

शेवटी १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल झाले. त्यात प्रत्येक भागाचा सीरियल नंबर निराळा आणि हमीची मुदतही निराळी: प्रोसेसरची तीन वर्षे, इतरांची आपापल्या निर्मात्याच्या शिरस्त्याप्रमाणे. परंतु हे भाग एकमेकांशी सलोख्याने वागतील, अशी हमी त्या बिलात कोणीच दिलेली नव्हती आणि देणारही नव्हते. ती जबाबदारी याद करणाऱ्याची असते, आणि म्हणूनच जोडणीच्या तासाभराच्या कामापेक्षा तिच्याआधीच्या विचाराला अधिक वेळ देणे रास्त होय.