गिरणीच्या दारातलं ऊन : हौशी छायाचित्रकाराच्या नव्या वर्षाविषयी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला दोन-तीन फोन हमखास येतात. फोन करणारे बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारे, रविवारी कॅमेरा बाहेर काढणारे. "यंदा फोटोग्राफी मनावर घ्यायची आहे, काय ठरवू?" असं विचारतात. बोलता बोलता कळतं, की त्यांनी आधीच काहीतरी ठरवलेलं आहे. मार्चपर्यंत कॅमेरा पुन्हा कपाटात जातो आणि दोष आळसाला दिला जातो. माझ्या अनुभवात आळशी माणसं त्यांत फार थोडी. संकल्पच चुकीच्या समजुतीवर बांधलेला असतो.

गैरसमज : रोज एक फोटो, वर्षाचे 365.

महिनाभरासाठी हे उत्तम आहे. बोटांना बटणं न बघता सापडू लागतात, अंगात सवय मुरते. वर्षभर रेटलं, की रात्री साडेअकराला आठवण होते आणि टेबलावरच्या कपाचा फोटो निघतो. आकडा भरतो, नजर मात्र होती तिथेच राहते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या फोटोंसाठी ओळखला जाणारा गॅरी विनोग्रँड 1984 मध्ये वारला, तेव्हा त्याचे सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते. एका रोलच्या 36 फ्रेम धरल्या तर नव्वद हजार फोटो, आणि त्यांतला एकही त्याने पाहिला नाही. इतका मोठा छायाचित्रकार, तरी काढण्याच्या वेगाला बघण्याचा वेग पुरा पडला नाही. आपल्या मोबाइलमध्ये आणि कार्डांवर आज तेच चाललं आहे. म्हणून आठवड्याला एक तास काढलेले फोटो बघण्यासाठी राखून ठेवा. मी तो तास कॅमेऱ्याला हात न लावता घालवतो.

गैरसमज : आधी नवी बॉडी, मग नवं वर्ष.

आठ बाय बारा इंचांची उत्तम प्रत छापायला इंचाला 300 पिक्सेल पुरतात. म्हणजे 2400 गुणिले 3600, साधारण 86 लाख पिक्सेल. दहा वर्षांपूर्वीचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा याच्या जवळजवळ तिप्पट देतो. लेन्सचंही तेच. किट लेन्स 35 वर फिरवा, चिकटपट्टी लावून टाका आणि तीन महिने झूमला हात लावू नका. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हा कोन जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या 50 एमएमच्या जवळपास येतो. मग पुढे-मागे व्हायचं काम पायांना करावं लागतं, आणि तिथूनच शिकणं सुरू होतं.

गैरसमज : चांगल्या फोटोसाठी दूर जावं लागतं.

भिगवणचे रोहित, ताडोबाचा वाघ, कासची फुलं हे सगळं सुंदर आहे, पण रजा, पैसा आणि हंगाम तिन्ही जुळावे लागतात. वर्षाचे उरलेले दिवस काय करायचं? प्राग शहरातल्या योसेफ सुदेकचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे नाझींनी शहर ताब्यात घेतल्यावर बाहेर फोटो काढणं अवघड झालं, तेव्हा 1940 पासून तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढू लागला. काचेवरचं दव, बर्फ, बाहेरचं वाकडं झाड. युद्ध संपलं तरी तो थांबला नाही, 1954 पर्यंत ती खिडकी टिपत राहिला. छायाचित्रणाच्या इतिहासात त्या एका खिडकीला स्वतःची जागा आहे.

गैरसमज : फोटो फक्त सकाळी आणि संध्याकाळी काढावेत, दुपार वाया.

हा गैरसमज सर्वांत घट्ट आहे आणि नोकरी करणाऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान तोच करतो.

माझ्या घराजवळ पुण्यात पिठाची गिरणी आहे. दार दक्षिणेला, समोर मोकळं. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की वर्षभर हेच दार टिपायचं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा सूर्य भरदुपारी, म्हणजे साडेबारा-पाऊणलाही, जेमतेम 48 अंश वर असतो. सात फुटी दारातून ऊन सहा फूट आत येतं. पिठाचे कण त्यात तरंगतात आणि प्रकाशाचा तिरका खांबच उभा राहतो. फेब्रुवारीपासून तो मागे सरकू लागला, एप्रिलमध्ये उंबऱ्याशी आला. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर, सावली पायांखाली. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या वेळी दारात ऊन पडतच नाही. आत सगळीकडे रस्त्यावरून परतलेला मऊ उजेड. दळणाचे डबे, पट्टा, भुरकट भिंती तेव्हा वेगळ्याच दिसतात. दुपार वाईट नव्हती, फक्त महिन्यागणिक बदलत होती.

सूर्योदयाची जागासुद्धा आपल्याकडे जून ते डिसेंबर सुमारे 50 अंशांनी सरकते. तुमच्या गल्लीची कुठली भिंत कधी उजळेल, ते यावर ठरतं. आपल्या पूर्वजांना हे नीट ठाऊक होतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघा. मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत येतात ती 9 ते 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला. दोन्ही वेळा 21 डिसेंबरच्या आधी आणि नंतर सुमारे सारख्याच अंतरावर, एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर आहेत, कारण सूर्य दक्षिणेला जाताना आणि परतताना आकाशात त्याच जागी येतो. तुमच्या दारातलं ऊनही असंच दोनदा येतं. 10 नोव्हेंबरच्या आसपास एखादा फोटो हुकला, तर तारीख लिहून ठेवा. तो प्रकाश फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत येणार आहे.

गैरसमज : कौतुक किंवा बक्षीस मिळालं तरच प्रगती झाली.

व्हिव्हियन मायर शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि गळ्यात रोलीफ्लेक्स अडकवून हिंडायची. एका रोलला बाराच फ्रेम. 2007 मध्ये तिचं सामान लिलावात निघालं आणि हळूहळू एक लाखाहून अधिक निगेटिव्ह समोर आल्या. 2009 मध्ये ती गेली, नाव झालं ते त्यानंतर. हयातीत टाळी वाजवणारं कुणी नव्हतं, तरी फोटो अव्वल आहेत.

गैरसमज : कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतले, की काम संपलं.

माझी एक हार्ड डिस्क एका सकाळी चालूच झाली नाही. त्यावर दोन पावसाळ्यांचं सगळं काम होतं, दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर भावाकडे. संकल्पाच्या यादीत हे सर्वांत वर लिहा, लेन्सच्या आधी.

आणि छापा. गिरणीच्या फोटोंचे आठ महिने झाले होते, तेव्हा गिरणी चालवणाऱ्या काकूंनी दळण मोजता मोजता विचारलं, "इतके फोटो काढता, आम्हाला एक तरी दाखवाल की नाही?" मला खूप लाज वाटली. त्याच आठवड्यात जानेवारीचा एक फोटो निवडून आठ बाय बारामध्ये छापला आणि नेऊन दिला. तो काट्याच्या वरच्या भिंतीवर लागला आहे.

या वर्षी चालत पोहोचता येईल अशी एक जागा धरा, महिन्यातून निदान दोनदा तिथे जा आणि डिसेंबरमध्ये बारा फोटो निवडून छापून घ्या. त्यांतला पहिला, ज्यांचा आहे त्यांना देऊन या.