घोडी कोणाच्या हाती द्यायची?

आमच्या मानवतला पाडवा म्हणजे सालगडी ठरवण्याचा दिवस. सालाची बोलणी आमच्या ओट्यावर होत. कोणी अंगाने दणकट, कोणी बोलण्यात चतुर. आबा मात्र पैशांचा विषय आधी काढत नसत. "जा, बैलांना पाणी दाखवून ये," एवढेच सांगत आणि लांबून बघत बसत. बैलाने हौदातून मान वर काढेपर्यंत जो थांबे, त्याचे साल पक्के. घाईने दावे ओढणारा कितीही ताकदीचा असो, चहा पिऊन परत जाई.

हे आज आठवायचे कारण जरा विचित्र आहे. कापसाच्या या गावातल्या आम्ही चौघा शाळासोबत्यांनी, साठीच्या उंबरठ्यावर, शर्यतीची घोडी घेतली. चौघांत मिळून एक! एक मित्र नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेला, खूळ त्याचेच. सौभाग्यवतींनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "जुगारच की हा!" मी ऐटीत सांगितले, की आम्ही पैसे लावणार नाही, घोडी पाळणार आहोत, शिवाय घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९६ साली म्हटले आहे. त्यावर त्यांनी विचारले, "कौशल्य कोणाचं? तुमचं तर नाही ना?"

हसण्यावारी नेलेला हा प्रश्नच खरा होता.

घोडा पाहणे आम्हाला अगदीच नवे नव्हते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लहानपणापासून घोड्यांचा बाजार पाहिलेला. दात बघायचे, भोवरे बघायचे, चालवून बघायचे. पण माळेगावचा घोडा घेणाऱ्याच्या दारी येतो. शर्यतीचा घोडा मालकाच्या दारी कधीच येत नाही. तो राहतो ट्रेनरच्या पागेत. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. त्याला काय खाऊ घालायचे, किती पळवायचे, कोणत्या शर्यतीत उतरवायचे, हे सारे क्लबचा परवाना असलेला ट्रेनर ठरवतो. जुन्या मराठीत घोडा शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. आजच्या ट्रेनरच्या हाती चाबकापेक्षा वही अधिक असते. मालकाने घ्यायचा मोठा निर्णय एकच, घोडा कोणाच्या हाती द्यायचा!

आणि तोच आमचा पहिल्यांदा चुकला. जिंकलेल्या शर्यतींची लांबलचक यादी पाहून आम्ही एका मोठ्या पागेत घोडी ठेवली. तिथे घोडे कितीतरी, त्यांत आमची एक. भिशीच्या हप्त्यासारखे बिल महिन्याच्या महिन्याला येई. घोडीची खबर मात्र आपण विचारल्याशिवाय नाही. दोन वर्षांच्या घोड्याचे हाड अजून कोवळे असते. दौड हळूहळू वाढवली तर ते घट्ट होते. घाई केली तर पुढच्या पायाची नळी सुजते. आमच्या घोडीचे तेच झाले. विचारले तर उत्तर मिळाले, "घोड्यांचं असंच असतं, नशीब."

मी रात्रीची बस धरून पुण्याला गेलो. पहाटेच्या अंधारात मित्राबरोबर दोन-तीन पागा हिंडलो. एका लहानशा पागेत दौडीवरून आलेले घोडे मोतद्दार चालवून निववत होते. ट्रेनर स्वतः खाली बसून एकेका घोड्याच्या पायावरून हात फिरवत होता. मोतद्दाराने बादली धरली होती. घोड्याने मान वर काढेपर्यंत ती हलली नाही. मला आबांचा ओटा दिसला.

त्या ट्रेनरला आम्ही प्रश्न विचारले, ते मात्र यादी पाहून नव्हे. तुमच्याकडे घोडे किती? दोन वर्षांचे आलेले किती घोडे चौथ्या वर्षी धडधाकट पळतात? (मानाची इंडियन डर्बी, १९४३ पासूनची, चार वर्षांच्या घोड्यांचीच असते.) बिलात चारा, नालबंद, डॉक्टर यांचे आकडे वेगळे मिळतील का? वाईट बातमी कोण कळवेल? त्याने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले. "मीच. आणि पहिली आत्ताच देतो. हिला चार महिने पळवायचं नाही. घाई असेल तर दुसरीकडे न्या."

चार महिने खर्च चौघांचा, शर्यत एकही नाही! आमच्यातल्या एकाच्या घरी मुलीचे लग्न ठरले होते. तो म्हणाला, "पळवा, नाहीतर विका." त्याचे चूक नव्हते. मानवतच्या एका ओसरीत आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. भागीदारीत हिशेब कागदावर हवेत, हे त्या रात्री उमगले. कोणी किती भरायचे, कोणाला बाहेर पडायचे असेल तर कसे, आणि ट्रेनरशी एकानेच बोलायचे, हे सारे लिहून काढले. त्या मित्राचे चार महिन्यांचे बिल उरलेल्या तिघांनी वाटून घेतले. त्याचा हिस्सा तसाच राहिला.

घोडी पुढे पळाली, तिसरी आली. बक्षिसाच्या रकमेत त्या चार महिन्यांचा खर्चही निघाला नाही. सौभाग्यवतींनी हिशेब विचारला, मी विषय बदलला.

पण त्या संध्याकाळी ट्रेनरचा आपणहून फोन आला. तिसऱ्या क्रमांकाबद्दल तो काही बोललाच नाही. म्हणाला, "आत्ता हात लावून पाहिला. चारही पाय थंड आहेत."

म्हणजे सूज नाही, कढ नाही. मी लग्नघरच्या मित्राला लगेच फोन लावला. तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "आबांनी याला साल दिलं असतं."